वाचलेलं राहत नाही, की ते कधी बाहेरच काढलं नाही?

यावल तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचं पत्र आहे. वय 43. पदोन्नतीने मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, होण्यासाठीची लेखी परीक्षा साडेतीन महिन्यांवर आली आहे. दिवसभर अंगणवाडी, गृहभेटी, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरच्या नोंदी. घरी केळीचा मळा. अभ्यासाची वेळ रात्री अकरा ते दोन, कारण घर तेव्हाच शांत होतं. त्यातही आठवड्याआड थ्री फेज लाईन रात्रीची असते. यजमान पाणी द्यायला मळ्यात जातात आणि बिबट्याच्या भीतीने ते परत येईपर्यंत यांना झोप लागत नाही. मग पुस्तकच हातात घेतलेलं बरं, असं त्या म्हणतात. प्रत्येक प्रकरण चार-पाच वेळा वाचून झालंय, रेघा मारून झाल्यात, वाचताना सगळं समजतं. आठ दिवसांनी जुनी प्रश्नपत्रिका पुढ्यात घेतली की कायद्यांची सालंसुद्धा आठवत नाहीत. सासूबाई म्हणतात, "या वयात काय डोक्यात रायते?" बारावीतली लेक हसते. दिराने स्मरणशक्ती वाढवण्याच्या वर्गाचं पत्रक आणून दिलंय, फी 8,500 रुपये आणि सोबत टॉनिकची बाटली. पत्राच्या शेवटी त्या विचारतात: "मोबाईलवर वाचलं की मेंदूत रोज नवीन जोडण्या होतात. मग माझ्याच का होत नाहीत? वर्ग लावू, की परीक्षाच सोडून देऊ?"

ताई,

आधी एक प्रश्न तुम्हालाच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर किती सेंटिमीटरच्या खाली आला की ते मूल तीव्र कुपोषित धरायचं? हे वाचतावाचताच तुम्ही "साडेअकरा" म्हणाला असाल. बाळांना पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र, लस कधी कधी? सहा, दहा, चौदा आठवडे. हे तुम्ही कोणत्या रात्री पाठ केलं होतं? आणि पोषण ट्रॅकर 2021 मध्ये आला, म्हणजे तो तुम्ही चाळिशीच्या उंबरठ्यावर शिकलात. पहिल्या महिन्यात एकेका नोंदीला किती वेळ लागायचा आणि आज किती लागतो, ते आठवून बघा. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातातल्या मोबाईलमध्येच आहे.

तेव्हा जोडण्या तुमच्याही होतात. दंडघेराची पट्टी आणि कायद्याचं पुस्तक यांत फरक इतकाच, की पट्टीचा आकडा तुम्ही शेकडो वेळा डोक्यातून बाहेर काढलात, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मुलांसमोर. कायद्याचं साल तुम्ही पाच वेळा आत घातलंत आणि बाहेर एकदाही काढलं नाहीत. माझ्या मते तुमची सगळी अडचण इथेच आहे. वय, बुद्धी, टॉनिक या गोष्टी नंतरच्या.

मोबाईलवरच्या त्या वाक्यात अर्धंच सांगितलेलं असतं, म्हणून जोडणी म्हणजे काय ते नीट बघू. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींमध्ये फट असते: एका मिलिमीटरचे 50,000 भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी, म्हणजे साधारण 20 नॅनोमीटर. या फटीसकट जो सांधा होतो त्याला सिनॅप्स म्हणतात. चार्ल्स शेरिंग्टन यांनी हे नाव 1897 मध्ये वापरात आणलं. अलीकडच्या पेशीत विजेचा संदेश आला की ती फटीत रसायन सोडते, बहुतेक ठिकाणी ग्लुटामेट. पलीकडच्या पेशीच्या अंगावर ते रसायन झेलणारे रेणू बसलेले असतात, त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही जास्त असले तर तेवढ्याच रसायनाने पलीकडची पेशी जोरात जागी होते, कमी असले तर जेमतेम हलते. शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी या सांध्यांचा जोर कमी-जास्त होणं. प्रत्येक वेळी नवी तार ओढावी लागते असं नाही, असलेलाच सांधा घट्ट किंवा सैल होतो.

तो घट्ट कधी होतो, याचा पहिला भक्कम पुरावा 1973 मध्ये टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी प्रसिद्ध केला. भूल दिलेल्या सशांच्या मेंदूत, आठवणींशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात, त्यांनी एका वाटेवर थोडा वेळ भराभर विजेचे ठोके दिले. त्यानंतर त्याच वाटेवर साधा एक ठोका दिला तरी पलीकडून पहिल्यापेक्षा मोठं उत्तर येत राहिलं, आणि तेही कित्येक तास. कारण पुढे उलगडलं. पलीकडच्या पेशीवर एनएमडीए नावाचा एक खास ग्राही असतो. त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचं बूच असतं. नुसतं ग्लुटामेट येऊन चिकटलं म्हणून ते निघत नाही. पलीकडची पेशी त्याच वेळी स्वतः पुरेशी उत्तेजित असेल तरच बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी आतले राखीव ग्राही पृष्ठभागावर आणून बसवते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. म्हणून "ये-जा केली की पायवाट पडते" हा जो दाखला सगळे देतात तो मला अपुरा वाटतो. पायवाटेला नुसते पाय पुरतात. इथे पलीकडच्याने दार उघडायला त्याच क्षणी उठलेलं असावं लागतं.

याची दुसरी बाजू मोबाईलवरचे लेख सहसा गाळतात. सांधे सैलही होतात, आणि तेही कामामुळेच. उंदरांच्या मेंदूच्या चकत्यांवरच्या प्रयोगांत सेकंदाला 100 च्या वेगाने एकच सेकंद ठोके दिले की सांधा घट्ट होतो. आणि सेकंदाला एक या संथ चालीने पाव तास, म्हणजे 900 ठोके दिले की तोच सांधा ढिला पडतो. कॅल्शियम थोडंथोडं, रेंगाळत आत आलं की पेशी ग्राही काढून घेते. हे बिघाडाचं लक्षण नाही. केळीच्या बुंध्याशी येणारी पिलं तुम्ही कापता ना? ती सगळी ठेवली तर घड कसा पोसेल? मेंदूलाही सगळेच सांधे जोरात ठेवून चालत नाही. मागच्या बुधवारी दुपारी कोणती भाजी केली होती हे तुम्हाला आठवत नाही म्हणून तुमचं काही अडत नाही. अडचण एवढीच, की कुठलं पिलू ठेवायचं ते मेंदूला कळायला हवं, आणि तो ते वापरावरून ओळखतो.

इथे एक इशारा देते. सशाच्या मेंदूतून उडी मारून थेट तुमच्या परीक्षेत उतरणारा माणूस दिसला की सावध व्हा. स्मरणशक्तीच्या वर्गांची पत्रकं हेच करतात: सिनॅप्सचं रंगीत चित्र, खाली फी. "सांधे बदलतात" हे खरं आहे, पण त्यावरून अभ्यास कसा करावा ते आपोआप ठरत नाही. ते माणसांवर, खऱ्या मजकुरावर केलेल्या प्रयोगांतून ठरतं. सांध्यांचं ज्ञान फक्त ते तसं का होत असावं हे समजायला मदत करतं. सुदैवाने माणसांवरचे प्रयोग भरपूर झालेत आणि त्यांचा कौल बराच स्पष्ट आहे.

त्यातला एक तुमच्यासाठीच केला असावा असा आहे. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. त्यातला एक त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा पुन्हा न वाचता आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता, 81 टक्के विरुद्ध 75. पण एका आठवड्याने पारडं फिरलं: पुन्हा वाचलेल्यातलं 42 टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं 56. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात वाचत राहणाऱ्यांना आपल्या लक्षात राहील याची खात्रीही जास्त होती. रात्री दोनला पुस्तक मिटताना तुम्हाला वाटतं ते "समजलं, आलं" हेच. पाचव्यांदा वाचताना शब्द ओळखीचे झालेले असतात, डोळे भराभर पळतात, आणि ओळख म्हणजेच आठवण असा समज होतो. बाजारात एखादी बाई दिसली की चेहरा ओळखता, पण नाव? तेच हे. परीक्षा चार पर्यायांची आहे म्हणून ओळखण्यापुरतं चालेल असंही समजू नका. पर्याय देणारा 2005, 2006, 2009, 2012 असेच देतो, आणि चारही ओळखीचे वाटतात.

आता सलग तीन तासांबद्दल. गवंडी स्लॅब टाकल्यावर त्याला पाणी मारायला सांगतो. दिवसातून दोन-तीनदा, बरेच दिवस. कुणी म्हटलं, "रोज कोण मारतं, पहिल्याच दिवशी टँकर ओततो," तर काय होईल? सांध्यांचंही असंच आहे. पहिल्या काही मिनिटांत जो बदल होतो तो कच्चा असतो; असलेलेच रेणू हलवून केलेला. तो टिकायचा तर पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात, सांध्याचा आकार वाढवावा लागतो, आणि त्याला तास-दिवस लागतात. एरिक कँडेल यांना 2000 साली ज्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यातले बरेचसे प्रयोग ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीवरचे आहेत. तिला एका बैठकीत 40 वेळा हलकेच स्पर्श केला, तर "याने काही होत नाही" हे ती थोडे दिवसच धरून राहते. तेच 40 स्पर्श रोज 10 असे चार दिवसांत दिले तर आठवण कितीतरी जास्त टिकते, काही आठवडे. स्पर्श तेवढेच, अंतर ठेवल्याने फरक पडला. माणसांच्या अभ्यासातही अंतराचा हा फायदा पुन्हा पुन्हा दिसून आला आहे.

झोपेबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. रात्री अकरा ते दोन अभ्यास आणि पहाटे पाचला उठणं, म्हणजे तीन तासांची झोप. तुम्हाला वाटतं, झोपेतून तीन तास वाचवले. खरं तर त्या दिवशी जे वाचलं त्याची पक्की होण्याची वेळच तुम्ही कापली. वाचून झाल्यावर झोपलेल्या माणसाला जागं राहिलेल्यापेक्षा जास्त आठवतं, हे 1924 मध्येच जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दाखवलं होतं. 2017 मध्ये उंदरांच्या मेंदूतले हजारो सांधे मोजले गेले. झोपेनंतर ते जागेपणीच्या मानाने सरासरी 18 टक्क्यांनी आक्रसलेले निघाले, मात्र सगळ्यात मोठे सांधे तसेच राहिले होते. दिवसभरात सगळीकडे वाढलेला जोर झोपेत उतरतो, जे ठसठशीत आहे ते उरतं आणि दुसऱ्या दिवशी नव्यासाठी जागा होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. झोप तोडल्याने शिकणं बिघडतं यावर मात्र वाद नाही.

वयाचं एकदाच सांगते. 2004 मध्ये तरुणांना तीन महिने तीन चेंडू एकापाठोपाठ हवेत उडवून झेलत राहायला शिकवलं, तर मेंदूच्या स्कॅनमध्ये काही भागांत वाढ दिसली. सराव थांबवल्यावर ती पुन्हा ओसरली. 2008 मध्ये तोच प्रयोग साठीच्या आसपासच्या लोकांवर केला. त्यांच्यात कमी जणांना चेंडू नीट जमले, पण जे शिकले त्यांच्या मेंदूतही बदल झाला. तेव्हा वयाने वेग कमी होतो हे खरं, दार बंद होतं हे खोटं. आखाजीला खापरावरचे मांडे करणाऱ्या हातांकडे बघा. नव्या सुनेचा पहिला मांडा मनगटावरच फाटतो. आणि ती सून विशीची आहे की पस्तिशीची, याने फार काही ठरत नाही. दर सणाला हात लावते की नुसती बघत बसते, याने ठरतं.

आता करायचं काय ते सांगते. तुमच्याकडे पंधरा आठवडे आहेत. पहिले दहा नव्या मजकुराला, शेवटचे पाच फक्त उजळणी आणि जुन्या प्रश्नपत्रिकांना.

घरात साठलेल्या लग्नपत्रिका काढा, कोऱ्या बाजूचे पत्त्यांएवढे तुकडे कापा. वहीचा पातळ कागद नको, मागचं उत्तर दिसतं. एका कार्डावर एकच प्रश्न, मागे एकच उत्तर, जास्तीत जास्त दोन ओळी. "बालविवाह प्रतिबंधक कायद्याची माहिती लिहा" हे कार्ड नव्हे. त्याचं उत्तर अर्धंच आठवलं तर बरोबर धरायचं की चूक, हेच ठरत नाही. "या कायद्यात मुलीचं किमान वय?" हे एक कार्ड, "मुलाचं?" हे दुसरं. सालांची कार्डं दोन्ही बाजूंनी करा: एकात सालावरून कायदा, दुसऱ्यात कायद्यावरून साल. एकाच दिशेने पाठ केलेलं उलट विचारलं की अडतं.

साध्या आठवड्यात रोज 12 नवी कार्डं, रात्रीच्या लाईनीच्या आठवड्यात 6. आठवड्यातून सहा दिवस. दहा आठवड्यांत 540 होतात, आणि एवढ्यात बराच अभ्यासक्रम बसतो. नवी कार्डं रात्री सव्वानऊ ते सव्वादहा या तासात करा: प्रकरणाचा तुकडा एकदाच लक्ष देऊन वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते पाटीवर लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेल्यावर कार्डं करायची. साडेदहाला झोप. पाचला उठलात तरी साडेसहा तास होतात. हे काही भरपूर नाही, पण आजच्या दुप्पट आहे.

सकाळी चहानंतर अर्धा तास फक्त उजळणी. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलने पुढची तारीख असते. आजची तारीख असलेली कार्डं काढायची आणि पत्त्यांसारखी पिसायची. न पिसता रोज त्याच क्रमाने घेतली तर उत्तराऐवजी क्रमच पाठ होतो. प्रश्न वाचून उत्तर मोठ्याने म्हणा. आठवलं नाही तर निदान दहा सेकंद थांबा, ताण द्या, मगच उलटा. ते दहा सेकंद नकोसे वाटतात, आणि बहुतेक लोक तिथेच कच खाऊन कार्ड लगेच उलटतात, म्हणजे पुन्हा वाचनावरच येतात. बरोबर आलं तर पुढची तारीख लांबवायची: पहिल्यांदा एक दिवस, मग तीन, मग सात, मग पंधरा, मग तीस. चुकलं तर कार्ड पुन्हा उद्यावर. कार्डं साचत गेली की रोज चाळीस-पन्नास निघतात. एकेकाला वीस सेकंद धरले तर पाव तास, चुकलेल्यांसकट अर्धा. गृहभेटीला चालत जाताना आदल्या रात्रीची पाच आठवून बघितली तर उत्तमच.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मन खट्टू होईल, ते आधीच सांगून ठेवते. दर पाच-सात कार्डांतलं एक तरी चुकत राहील. चुकायलाच हवं. सगळीच बरोबर येत असतील तर तारखा फार जवळजवळ पडताहेत. निम्मी चुकत असतील तर नवी कार्डं दोन दिवस बंद ठेवा, किंवा कार्डांवर मजकूर जास्त झालाय का ते बघा. एखादं कार्ड पाचदा चुकलं तर त्याला शिक्षा करत बसू नका, फाडून वेगळ्या शब्दांत लिहा.

सालांच्या घोटाळ्याबद्दल मात्र तुमच्या डोक्याला दोष देऊ नका. घोटाळा तिथे मुळातच आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा, पण लागू झाला ऑक्टोबर 2006 मध्ये. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा, लागू नोव्हेंबर 2007 पासून. शिक्षण हक्क 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. म्हणजे 2006 हे साल दोन कायद्यांना चिकटलंय, आणि मेंदूत एकाच खुणेवरून दोन उत्तरं धावू लागली की दोन्ही अडखळतात. म्हणून आधी प्रत्येक कायदा वेगवेगळ्या आठवड्यात स्वतंत्रपणे पक्का करा. तिसरी तारीख पार झाली की मुद्दाम दोघांना भिडवणारं कार्ड करा: "2006: संमत कोणता, लागू कोणता?" पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) 2012, अन्न सुरक्षा 2013, बाल न्याय 2015 यांचंही असंच. आणि नुसत्या सालाला मेंदूत टेकायला काही नसतं, त्याला काम जोडा. पोक्सोत गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे, कलम 19 कळवण्याचं आणि 21 न कळवल्याच्या शिक्षेचं, हे वाचताना "मी असते तर सोमवारी सकाळी आधी कुठे गेले असते?" असं स्वतःला विचारा. या कामातलं जेवढं तुम्हाला ठाऊक आहे तेवढं विशीतल्या उमेदवाराला नसतं. नवी माहिती टांगायला तुमच्याकडे खुंट्या जास्त आहेत, त्या वापरा.

वर्गाचं काय? ओळखीच्या घरातल्या जागांवर एकेक गोष्ट ठेवून यादी लक्षात ठेवण्याची युक्ती तिथे शिकवत असतील, तर ती खोटी नाही. ओसरी, देव्हारा, चूल, परसदार अशा क्रमाने योजनेचे घटक मांडता येतात, आणि क्रमवार यादीसाठी ती चांगली चालते. पण ती तुम्ही फुकट करून पाहू शकता, आणि कायदा समजायला तिचा उपयोग नाही. "मेंदूचा दहाच टक्के वापर होतो" असं त्या पत्रकावर असेल, तर ते सरळ खोटं आहे, तेवढ्यावरूनच नकार द्या. टॉनिकने परीक्षेचे गुण वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. 8,500 रुपये खर्च करायचेच असतील तर यजमानांशी पंपाला मोबाईल स्टार्टर बसवण्याचं बोला. मोटर चालू-बंद करायला तरी रात्री मळ्यात जायला नको. ठिबकचे व्हॉल्व बदलायला जावं लागेल तेव्हा दोघा शेजाऱ्यांनी मिळून जायचं ठरवावं, आणि तुम्ही बिनघोर झोपावं. तरीही एखाद्या रात्री जागरण झालंच तर त्या रात्री नवं काही वाचू नका. डोळे मिटून पडा आणि दुसऱ्या दिवशी फक्त जुनी कार्डं करा.

एक गोष्ट मात्र टाळू नका. गावातल्या सगळ्या गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या मिळाल्या की नाही ते तुम्ही बघता. तुमचं स्वतःचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? 12 च्या खाली असेल, थायरॉईड मंदावलं असेल किंवा बी-12 कमी असेल तर थकवा येतो, लक्ष लागत नाही, आणि सगळं विसरभोळेपणासारखं दिसतं. तिन्ही रक्ताच्या तपासण्या एकदाच करून घ्या. चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागली असेल आणि रात्री घामाने जाग येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. रोजचा रस्ता चुकणं, ओळखीच्या माणसांची नावं सतत जाणं, तेच तेच पुन्हा विचारणं असं काही होत असेल तर परीक्षेची वाट न बघता दाखवा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

परीक्षा सोडायची की नाही, हे आज ठरवू नका. चार आठवडे हे करा, मग वेळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवा. शेवटच्या पाच आठवड्यांत अशी दर रविवारी एक सोडवायची आहेच. चुकलेल्या प्रश्नांची त्याच दिवशी कार्डं करायची. चार आठवड्यांनंतर, ज्या भागाची कार्डं झालीत त्या भागातही गुण हलले नसतील, तर मला पुन्हा लिहा आणि सोबत दहा-बारा कार्डं जशीच्या तशी उतरवून पाठवा. दोष बहुधा कार्डं लिहिण्यात सापडतो.

बारावीची मुलं असलेल्या इतर वाचकांनी हीच पद्धत घ्यायला हरकत नाही, तारखांचं अंतर परीक्षेप्रमाणे कमी-जास्त करावं. ताई, तुमच्याही घरात एक आहेच. तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात चेतासंस्थेचा धडा आहे. रात्री जेवणं झाली की तिने तुमची दहा कार्डं विचारायची, तुम्ही तिची दहा. नियम एकच: समोरची अडली तर दहा आकडे मोजून होईपर्यंत कुणी उत्तर सांगायचं नाही. आणि तिला मॅग्नेशियमचं ते बूच कधी निघतं तेवढं विचारा.